लुटुपुटीचे विमान

विमानांच्या इतिहासात उड्डाणांना जेवढा मान मिळाला तेवढा उतरण्यांना कधी मिळाला नाही. राइट बंधूंचे १९०३ सालचे बारा सेकंदांचे उड्डाण शाळेतली पोरेसुद्धा सांगतात. लिंडबर्गने १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडला हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण आकाशात गेलेले ते धूड पुन्हा जमिनीवर कसे आणून ठेवतात, आणि ते ठेवताना आजवर काय काय घडले, याची बखर लिहायला कोणी बसत नाही. वास्तविक खरी परीक्षा तिथेच आहे. वर चूक झाली तर ती सुधारायला खाली हजारो फूट मोकळी जागा असते. जमीन दोनशे फुटांवर आली, की चूक आणि तिचे फळ यांच्यात मोजके सेकंदच उरतात.

मी विमानविद्येतला जाणकार नव्हे. शाळेत मास्तरकी करणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस मी. परंतु दुसऱ्यांच्या चुका मोजणे हा आमचा धंदाच असल्यामुळे विमान-अपघातांच्या हकिगती वाचताना एका शेऱ्यापाशी माझी नजर नेहमी अडते : ‘वैमानिकाची चूक.’ मेलेला माणूस बाजू मांडायला येत नाही, म्हणून हा शेरा मारणे सोपे. तो शेरा तपासून पाहण्याची युक्ति माणसाला कशी सापडली, ती हकिगत मला सांगायची आहे. तिचा नायक म्हणजे जमिनीवरून कधीच न उडालेले एक विमान. इंग्रजीत त्याला सिम्युलेटर म्हणतात. मी आपला त्याला लुटुपुटीचे विमान म्हणतो.

हे लुटुपुटीचे विमान खऱ्या विमानाहून फार धाकटे नाही. फ्रान्समध्ये १९१० च्या सुमारास आंत्वानेत नावाचे एकपंखी विमान होते. दिसायला देखणे, पण चालवायला विलक्षण तऱ्हेवाईक. वैमानिकाच्या दोन्ही अंगांना दोन चाके असत. एक विमानाचे नाक वर-खाली करण्याचे, दुसरे पंखांना पीळ देऊन तोल सांभाळण्याचे. आता, डावीकडे झुकलेला माणूस सावरायला आपोआप उजवीकडे रेलतो. तो काही बाजूचे चाक पुढे-मागे फिरवीत नाही. शिकाऊ उमेदवार गोंधळून जात. तेव्हा कोणीतरी एका पिंपाचे दोन अर्धे भाग केले, ते एकावर एक डुलतील असे बसवले, आणि वरच्या अर्ध्यात उमेदवाराला बसवून खालून माणसांनी ते पिंप हेलकावायचे असा प्रकार सुरू केला. उमेदवाराने चाके फिरवून समोरची आडवी पट्टी क्षितिजाशी जुळवायची. झाले शिक्षण! जत्रेतल्या पाळण्यासारखाच हा थाट. मला त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. चाके गैरसोयीची होती हे उघड असूनही, चाके बदलावीत असे कोणाला सुचले नाही. माणसालाच चाकांच्या वळणावर न्यायचे ठरले. पुढची पस्तीस वर्षे जवळजवळ सारी विमानविद्या याच वाटेने गेली.

पिंपाचे पुढचे पाऊल पडले ते अमेरिकेत, न्यूयॉर्क संस्थानातल्या बिंगहॅम्टन गावी, आणि तेही वाद्यांच्या कारखान्यात. एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. संगीत नाटकांच्या बैठकीत ज्यांनी ऑर्गन पाहिला आहे त्यांना भात्याची करामत सांगायला नको. हवा कुठे भरायची, कुठे सोडायची, कोणती झडप उघडली की काय हलेल, हे लिंकला हातखंडा येत होते. त्याला विमान शिकण्याचा नाद. पण त्या काळी शिकवणी भलतीच महाग. म्हणून त्याने कारखान्याच्या तळघरात भाते, झडपा आणि विजेवर चालणारा पंप जोडून, आखूड पंखांचे एक बुटके विमान तयार केले. दांडा हलवला की भाते फुगत-मिटत आणि पेटी खऱ्या विमानासारखी कलत असे. हे साल १९२९. वैमानिकी शिकवणाऱ्या संस्थांनी ते फारसे मनावर घेतले नाही. घेतले ते जत्रा-करमणुकीच्या बागांनी! लिंकची बरीचशी विमाने पोरांना पैसे घेऊन डुलविण्याच्या कामी गेली.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्डवर दुसरी एक घटना घडली. जिमी डूलिटल या लष्करी वैमानिकाने आपली बैठक कापडाने पुरती झाकून घेतली, आणि बाहेरचे काहीही न बघता विमान वर नेले, फिरवले आणि खाली उतरवले. पुढच्या बैठकीत बेन केल्सी हा जोडीदार सावधगिरी म्हणून होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. डूलिटलपुढे तीन नवी साधने होती : कृत्रिम क्षितिज, फिरत्या भिंगरीवर चालणारा दिशादर्शक, आणि कोल्समनचा नाजूक उंचीमापक. ढगात शिरलेल्या माणसाला आपण सरळ आहोत की कललो हे कळत नाही. फुगडी थांबल्यावरही जग फिरताना दिसते ना? कानाच्या आतल्या नळ्यांतला द्रव लबाडी करतो, तीच लबाडी तो ढगात करतो. तिथे अंगाचे ऐकायचे नाही, काट्यांचे ऐकायचे, हा डूलिटलच्या प्रयोगाचा अर्थ होता. परंतु काट्यांवर विश्वास ठेवणे ही गोष्ट सांगून येत नाही; ती सवयीनेच यायची.

ही सवय नसल्याची किंमत पाच वर्षांनी मोजावी लागली. फेब्रुवारी १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी खाजगी कंपन्यांकडून हवाई टपालाची कंत्राटे काढून घेतली आणि ते काम लष्कराकडे दिले. हिवाळा ऐन भरात; धुके, बर्फ आणि रात्रीचे उड्डाण. लष्कराच्या पोरांना निळ्या आभाळात कसरती येत होत्या, काळोखात काटे वाचणे येत नव्हते. काही आठवड्यांत डझनभर माणसे दगावली. त्या गडबडीत लष्करी अधिकारी एका दिवशी नेवार्कच्या विमानतळावर लिंकची वाट पाहत होते. हवा इतकी वाईट की तो येणार नाही असे धरून ते परत निघाले होते. इतक्यात धुक्यातून त्याचे विमान उतरले. काटे वाचून उतरता येते याचा याहून चांगला पुरावा कोणता? लष्कराने सहा यंत्रे घेतली, दर यंत्राला ३,५०० डॉलर देऊन. पुढे दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांवर विमानी सैनिक या निळ्या पेट्यांत बसून शिकले. जत्रेतले खेळणे युद्धाचे शस्त्र झाले.

इथपर्यंतची कथा माणसाला शिकवण्याची आहे. आता उलट्या दिशेचा प्रवास सुरू होतो.

युद्धाच्या काळात बी-१७ या प्रचंड बॉम्बफेकी विमानांच्या बाबतीत एक चमत्कारिक प्रकार वारंवार घडे. विमान मोहीम आटोपून सुखरूप परत येई, धावपट्टीवर नीट टेकेसुद्धा, आणि मग धावता धावता वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच मिटून घेई! विमान पोटावर घसरत जाई. अधिकाऱ्यांचा शेरा ठरलेला : वैमानिकाची चूक. १९४३ साली ओहायोतल्या राइट फील्डवर अल्फॉन्स चापॅनिस नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ होता. त्याने पाहिले, की हा प्रकार काही ठराविक जातींच्या विमानांवरच होतो, सी-४७ या मालवाहू विमानावर होत नाही. मग वैमानिकांची मने तपासण्याऐवजी त्याने विमानाची खोली तपासली. बी-१७ मध्ये चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ शेजारी शेजारी होत्या आणि हाताला दोन्ही एकसारख्याच लागत. सी-४७ मध्ये त्या दूर होत्या आणि वेगळ्या होत्या. चापॅनिसने चाकांच्या कळीला रबराचे लहानसे चाक बसवले, आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. संपला प्रश्न. आज कोणत्याही प्रवासी विमानाच्या खोलीत डोकावून पाहिलेत, तर चाकांच्या दांड्याचे टोक चाकासारखेच गोल दिसेल.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण हसून वापरतो. चापॅनिसने कोणाची थट्टा केली नाही. त्याने ओळंबा घेऊन अंगण मोजले, आणि अंगण खरेच वाकडे निघाले. आमच्या शाळेत वर्गातला एकच मुलगा गणित चुकला तर मी त्याला उभा करतो. सगळा वर्ग एकाच गणितात, एकाच पायरीवर चुकला, तर प्रश्नपत्रिका पुन्हा वाचून पाहिली पाहिजे, हे कुठल्याही मास्तराला पटावे. लष्कराला ते पटायला महायुद्ध लागले.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून त्यांच्या स्वतःच्या चुकांच्या ४६० हकिगती गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे निम्म्या एक कळ समजून दुसरी ओढल्याच्या होत्या. काटे चुकीचे वाचल्याच्या आणखी २७० हकिगती त्यांनी वेगळ्या तपासल्या. त्या काळच्या उंचीमापकाला घड्याळासारखे तीन काटे असत : शेकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा. घाईत धाकटा काटा नजरेतून निसटला, की माणूस दहा हजार फुटांनी चुके. हे वाचून मला आपले घरातले घड्याळ आठवले. झोपेतून उठून आपण तास-मिनिटांची अदलाबदल करतो आणि हसतो. ढगातून उतरणाऱ्याला हसायला सवड नसते. फिट्सच्या मंडळींनी पुढे उतरणाऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांचे चलचित्र घेतले, आणि नजर कोणत्या काट्यावर किती वेळा जाते, तिथून कुठे जाते, हे मोजले. साधने कशी मांडावीत हे त्यानंतर नुसत्या कारागिराच्या सोयीवर सोडणे कठीण झाले.

आता एक पेच उरला. काट्याची चूक मोजता येते. पण विमान ‘हाताला कसे लागते’ हे कसे मोजणार? एक म्हणतो ‘जड आहे’, दुसरा म्हणतो ‘अवखळ आहे’. कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत जॉर्ज कूपर हा परीक्षक-वैमानिक होता. त्याने १९५७ मध्ये यासाठी गुणांची एक पद्धत बसवली, आणि कॉर्नेलच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट हार्परच्या साथीने १९६९ मध्ये ती पक्की केली. एकपासून दहापर्यंत गुण. मात्र आमच्या शाळेच्या उलट, एक म्हणजे उत्तम आणि दहा म्हणजे ताबा गेला. वैमानिक प्रश्नांच्या पायऱ्या चढत जातो. विमान ताब्यात राहते का? राहत असेल, तर सोसवेल एवढ्या कष्टात काम जमते का? जमत असेल, तर काही न सुधारता चालेल का? या गुणपत्रिकेचे मोठेपण असे, की पन्नास वर्षे यंत्रासमोर परीक्षेला बसलेला माणूस इथे प्रथमच परीक्षकाच्या खुर्चीत बसला. आणि ही परीक्षा जीव धोक्यात न घालता लुटुपुटीच्या विमानात घेता येऊ लागली. आज पंखाची कळ मऊ करून उतरवून पाहा, उद्या वारा आडवा लावा, परवा समोरचा काटा बदला. दहा वेळा पडलात तरी अकराव्या वेळी चहा पिऊन परत बसा.

बोइंग कंपनीत कॉनरॅड क्राफ्टने केलेला प्रयोग तर मला एखाद्या कथेइतका रंगतदार वाटतो. ऑगस्ट १९६५ ते फेब्रुवारी १९६६ या काळात नवी कोरी चार बोइंग ७२७ विमाने उतरणीच्या वाटेवर पडली. शेवटचे टोकियोच्या उपसागरात, १३३ माणसांसह. कारणे सगळीकडे एकच होती असे नव्हे. तरीही, धडधाकट विमान स्वच्छ रात्री विमानतळाच्या अलीकडेच जमिनीला का भिडावे, हा प्रश्न कंपनीला टोचत होता. दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात, त्याच्या पायथ्याशी गाव वसवतात आणि पणत्या लावतात. क्राफ्टनेही तसेच अंधारात लुकलुकणारे एक नगर सिम्युलेटरपुढे उभे केले. अलीकडे काळोख, जणू पाणी किंवा ओसाड रान. पलीकडे चढावर वसलेले शहर. नवशिके नव्हेत, मुरलेले वैमानिक बसवले, आणि केवळ डोळ्यांच्या अंदाजाने उतरायला सांगितले. त्यांतले बहुतेक सारे, आपण ठीक उंचीवर आहोत अशा समजुतीत, नको इतके खाली उतरले.

याचे कारण मॅट्रिकच्या भूमितीत आहे, ही त्यातली मोठी मौज. वर्तुळाच्या एकाच खंडातले कोन समान असतात, हे प्रमेय आपण सगळ्यांनी घोकले आहे. रात्री मधली जमीन दिसत नाही, दिसतात ते फक्त शहराचे जवळचे आणि दूरचे दिवे. त्या दोहोंमध्ये डोळ्यापाशी जो कोन होतो तो तसाच राहिला, की मन म्हणते, ‘वाट बरोबर आहे.’ पण तो कोन कायम राखीत पुढे जाणारा माणूस सरळ रेषेत जात नाही. तो वर्तुळाच्या कंसावरून खाली येतो, आणि कंस सरळ वाटेच्या बराच खाली लोंबतो. त्यात शहर चढावर असेल तर फसवणूक आणखी वाढते. वैमानिक बेसावध नव्हता. तो फार काळजीपूर्वक चुकत होता.

डोळ्यांच्या अशा दगाबाजीची मुंबईलाही ओळख आहे. सांताक्रूझचा मोठा विमानतळ आणि जुहूचा लहानसा, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. ज्या जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीची टपाल इवल्याशा पस मॉथ विमानातून आणली, त्याच जुहूला सांताक्रूझ समजून जुलै १९५३ मध्ये एक जेट कॉमेट उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ उतरले, ते आखूड धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. जीव कोणाचा गेला नाही हे नशीब. इथली भूल निराळी, क्राफ्टच्या नगरातली निराळी. परंतु दोन्हीकडे माणसाने आपल्या डोळ्यांची साक्ष खरी मानली.

लुटुपुटीच्या विमानाची इतकी थोरवी गाइल्यावर त्याचे उणेही सांगितले पाहिजे. त्यात सगळे असते, मरणाची भीती तेवढी नसते. अमेरिकेचे अंतराळयान, स्पेस शटल, इंजिनाशिवाय तरंगत उतरायचे होते. उतरणीचा एकच डाव, दुसरा नाही. म्हणून त्याचा सराव सिम्युलेटरवर कसून झाला. २६ ऑक्टोबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर फ्रेड हेझ आणि गॉर्डन फुलर्टन यांनी ‘एंटरप्राइझ’ हे नमुन्याचे यान प्रथमच काँक्रीटच्या धावपट्टीवर आणले. ब्रिटनचे युवराज चार्ल्सही बघायला आले होते. धावपट्टी जवळ आली आणि यान डुलू लागले. हेझने दांडा एकीकडे नेला, यान उशिरा वळले. तोवर त्याने दांडा उलट नेला होता, मग यान तिकडे जास्त वळले. टेकले, पुन्हा उसळले. हेझने शेवटी दांडा जरा मोकळा सोडला तेव्हा ते शांत झाले.

घडले ते असे, की दांडा आणि पंख यांच्यामध्ये गणकयंत्र बसले होते, आणि हुकूम पोचायला क्षणाचा काही अंश उशीर होत होता. निवांत सरावात हा उशीर अंगावर आला नव्हता. खरी जमीन, मोजकी पट्टी आणि पाहुण्यांची गर्दी समोर आली, हात घाईला आला, आणि उशीर उघडा पडला. १९७८ मध्ये एफ-८ विमानात मुद्दाम कमी-जास्त उशीर मिसळून खरी उतरणी करून पाहिली गेली. एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढी भर घातली तरी कसलेला हात चुकू लागे. पुढे शटलच्या गणकयंत्रात अशी दुरुस्ती केली, की हात फार घाईने हलू लागला तर त्याचा जोर आपोआप कमी व्हावा. एम्स प्रयोगशाळेने साठ फूट उंच वर-खाली होणारा सिम्युलेटर बांधला, शटलच्या उतरणीही त्यात पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या. १४ एप्रिल १९८१ रोजी जॉन यंगने अंतराळातून आणलेले ‘कोलंबिया’ सरोवराच्या कोरड्या पात्रावर अलगद टेकवले. हेझवर ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा मारून फाइल बंद करता आली असती. तसे झाले नाही, ही मला चापॅनिसची पुण्याई वाटते.

मात्र पुण्याई एकदा मिळवून भागत नाही. काटे गेले आणि त्यांच्या जागी काचेचे पडदे आले. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे पडले आणि ९२ माणसे गेली. इंजिने मंद ठेवून उतरण्याच्या रीतीवर विमान लावले गेले होते, वेग घटत होता, आणि पडद्यावर तशी अक्षरे होतीही. चौकशीत ठपका वैमानिकांवर आला. मला एवढेच विचारावेसे वाटते, की पडद्यावर असणे आणि माणसाच्या ध्यानात असणे ही एकच गोष्ट आहे काय?

दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, २० जानेवारी १९९२ च्या संध्याकाळी, त्याच जातीचे एअर इंतेरचे विमान फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला उतरत असताना डोंगराला धडकले. ९६ पैकी ८७ माणसे दगावली. वैमानिक दोघेही या जातीच्या विमानाला नवखे होते. उतरण्याचा बेत यंत्राला दोन रीतींनी सांगता येई : किती अंशांच्या उताराने यायचे, किंवा मिनिटाला किती फूट खाली यायचे. कोणती रीत चालू आहे ते एका लहान कळीने ठरे. आकडा मात्र त्याच खिडकीत उमटे. तपास करणाऱ्यांना सर्वांत संभवनीय वाटले ते असे, की वैमानिकांना ३.३ अंशांचा उतार हवा होता, आणि रीत राहिली दुसरी. तिथे ३३ या आकड्याचा अर्थ होतो मिनिटाला ३,३०० फूट. म्हणजे हव्या होत्या त्याच्या जवळजवळ चौपट वेगाने खाली. बाहेर अंधार आणि ढग. एका आकड्याचे दोन अर्थ, आणि त्यांच्यामध्ये फक्त एक टिंब.

त्यानंतर ती खिडकी बदलली. फुटांचा हिशेब असेल तेव्हा तिच्यात आता ३३ च्या पुढे दोन लहान शून्ये उमटतात.